आंकड्यांची लय

रात्रीचीं जेवणें आटोपलीं, मंडळी दिवाणखान्यांत स्थिरावली, आणि यजमानांनीं मोठ्या कौतुकानें नवा स्ट्रीमर सुरू केला. परंतु स्वर उमटण्याऐवजीं शांतता, किंवा गाण्यामागें एकसारखी घूं घूं! हा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांवर आला असेल. अशा वेळीं आपण यंत्राला, विजेला, क्वचित् गायकालाहि दोष देतों. खरा घोटाळा मात्र बहुधा, स्ट्रीमर आणि आंकड्यांचा स्वर करणारा डॅक या दोहोंमधील हातभर तारेंत, किंवा तिच्या निवडींत असतो. या तारेला चाळीस वर्षांवर इतिहास आहे. तो ठाऊक असेल तर दुरुस्तीचें निम्में काम झालें असें समजावें.

ध्वनीला आंकड्यांचें रूप देण्याची कल्पना प्रथम निघाली ती दूरध्वनीसाठीं. पॅरिसमध्यें काम करणाऱ्या अलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्यानें १९३७ सालीं ती सुचविली. ध्वनीच्या लहरीचें ठराविक अंतरानें माप घ्यावयाचें, आणि तीं मापें संख्यारूपानें तारेवर पाठवावयाचीं. संख्या वाटेंत थोडी मळली तरी पलीकडे शुद्ध वाचतां येते, हा या युक्तीचा मोठा गुण. नभोवाणीला तो लवकर पटला, बी. बी. सी.नें १९७२ सालापासून आपले कार्यक्रम प्रक्षेपण केंद्रांकडे याच रूपांत पाठविण्यास आरंभ केला. पुढें १९८२ सालीं सोनी व फिलिप्स यांची तबकडी बाजारांत आली आणि हें शास्त्र घरोघर पोंचलें. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हें तिचें माप आजहि प्रचारांत आहे.

तबकडी वाचणें आणि आंकड्यांचा स्वर करणें हीं दोन्ही कामें आरंभीं एकाच पेटींत होत. तीं दोन पेट्यांत विभागतांच मध्यें सेतु हवा झाला. १९८३ सालीं तोशिबा कंपनीनें प्रकाशाचा सेतु काढला. प्लॅस्टिकच्या तंतूंतून तांबड्या उजेडाची उघडझांप जाते, आणि दोन पेट्यांत विजेचा संबंधच राहत नाहीं. हाच टॉसलिंक. १९८५ सालीं ध्वनि-अभियंत्यांची संस्था व युरोपीय नभोवाणी संघ यांनीं स्टुडिओंसाठीं एक नियम ठरविला. त्याची तीन खिळ्यांची, ११० ओहमची तार आजहि स्टुडिओंतून दिसते. घरगुती यंत्रांसाठीं सोनी व फिलिप्स यांनीं त्याचेंच धाकटें भावंड प्रचारांत आणलें. तें एस-पी-डिफ, त्याला ७५ ओहमची कोअॅक्सिअल तार लागते, आणि टॉसलिंकवरूनहि हीच भाषा जाते.

या सर्वांत एक मर्म आहे. तारेंतून आंकडे जातात, तशी लयहि जाते. प्रत्येक आंकडा केव्हां वाचावयाचा हें निश्चित नसेल, तर बरोबर आंकड्यांतूनहि स्वर ढळेल. एस-पी-डिफमध्यें आंकडे आणि घड्याळाचे ठोके एकमेकांत विणलेले असतात. तबकडीच्या मापानें सेकंदाला २८,२२,४०० बिटें धांवतात, आणि त्या प्रवाहांतूनच डॅकला ठोका उचलावा लागतो. म्हणजे लय गवयाची. तबलजीनें तिच्यामागें जावयाचें! १९९२ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठाचे ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनीं हा नियमच सदोष आहे काय, असा उघड प्रश्न केला. वहनमार्ग अपुरा असेल तर ठोक्याची जागा आंकड्यांच्या स्वरूपानुसार किंचित् सरकते, हें त्यांनीं दाखविलें. या सरकण्याला जिटर म्हणतात. आजचे चांगले डॅक तो दोष बव्हंशीं पुसून टाकतात.

यूएसबी आली ती १९९६ सालीं, आणि संगणकाच्या सोयीसाठीं. तिच्यावरून ध्वनि नेण्याचे नियम १९९८ सालीं झाले. २००६ सालीं त्यांची दुसरी आवृत्ति निघाली आणि नमुन्यांची मर्यादा पुष्कळ वाढली. संगीताच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. असिंक्रोनस नांवाच्या पद्धतींत घड्याळ डॅकपाशीं राहतें, आणि आंकडे किती वेगानें हवेत हें डॅकच स्ट्रीमरला सांगतो. ठेका तबलजीच्या हातीं आला, आणि गवई त्याला धरून चालूं लागला.

आतां माझी फजिती सांगतों. मीं घरीं कोअॅक्सिअल तार लावली, तों तानपुऱ्याखालीं घूं घूं ऐकूं येऊं लागली. दुकानदाराच्या सांगण्यावरून भारी किंमतीची तार आणली. घूं घूं कायम! दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह स्वस्त तांब्यांतून जातो तसाच महाग तांब्यांतूनहि जातो. शेवटीं अल्प किंमतीचा प्रकाशतंतु लावला, आणि षड्ज निखळ ऐकूं आला.

हें समाधान आठ दिवस टिकलें. माझ्या वडिलांनीं गायिलेली एक भैरवी भाच्यानें झिजत चाललेल्या फितीवरून संख्यारूपांत उतरवून दिली होती. ती लावली, तर शांतता. बाकीचीं गाणीं उत्तम, हीच तेवढी मुकी! वडील जाऊन बरींच वर्षें झालीं. तो आवाजहि गेला, असें वाटून त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. सकाळीं पडद्यावरील आंकडा पाहिला, तेव्हां उलगडा झाला. भाच्यानें प्रेमानें १,९२,००० नमुन्यांची प्रत केली होती, आणि प्रकाशतंतूची खात्रीची मजल बहुधा ९६,००० पर्यंतच असते. स्ट्रीमरला तेवढी मर्यादा घालून दिली, आणि भैरवी बोलूं लागली.

यावरून निवडीचा क्रम सांगतां येईल. दोन्ही यंत्रांना यूएसबी नीट साधत असेल तर ती घ्यावी. घूं घूं असेल तर प्रकाशतंतु. एरवीं ७५ ओहमची साधी, मजबूत तार पुरेशी आहे. आय-टू-एस ही वाट फिलिप्सनें १९८६ सालीं यंत्राच्या पोटांतील भागांसाठीं आंखली होती. आतां ती एचडीएमआयच्या खोबणीवाटे बाहेर आली आहे. परंतु तेथें खिळ्यांची मांडणी सर्वमान्य नाहीं, म्हणून ती जुळते कीं नाहीं हें आधीं पाहावें. कांहींच ऐकूं न आलें तर डॅकवर योग्य वाट निवडली आहे ना हें पाहावें. स्ट्रीमरचें माप ४४,१०० वर आणावें, आणि तो डॉल्बीसारखा आटवलेला ध्वनि न पाठवितां साधा पीसीएम पाठवितो याची खात्री करावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. नाहींतर रोग बरा होतो, पण औषध कोणतें तें कळत नाहीं.

माझी ती भारी किंमतीची तार अद्यापि कपाटांत पडून आहे. भैरवी मात्र रोज सकाळीं वाजते.