कंठावाचून

आमचे खुलताबाद हे आवाजाचे गाव आहे असे मी म्हटले, तर परगावच्या वाचकाला नवल वाटेल. त्याच्या लेखी हे कबरींचे गाव. पण हनुमानजयंतीला भद्रा मारुतीपुढे होणारा गजर आणि जरजरी जरबक्षांच्या उरुसातली कव्वाली ज्याने ऐकली, तो या गावाला मुके म्हणणार नाही. अमीर हसन सिज्जी हा कवीही इथल्याच मातीत निजला आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांची बोलणी त्याने ऐकून लिहून ठेवली. बोलणारे गेले, बोलणे सातशे वर्षे राहिले.

या गावात मी मास्तरकी करतो. मास्तराचे भांडवल ते काय? खडू शाळेचा, पुस्तक सरकारचे. आपला म्हणावा असा एक घसा. म्हणून आमच्या एका वडीलधाऱ्या गुरुजींचे स्वरयंत्र कर्करोगामुळे काढावे लागणार असे कळले, तेव्हा मी हादरलो. गुरुजींना बिडी होती; ते लपवण्यात अर्थ नाही. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही, पण त्या दिवसांत या विषयावर हाती लागेल ते वाचीत सुटलो, आणि एका जागी थबकलो. कर्करोगासाठी ज्याचे स्वरयंत्र समूळ काढल्याची पहिली खात्रीची नोंद आहे, तो मनुष्यही शिक्षकच होता.

३१ डिसेंबर १८७३. गाव व्हिएन्ना. रोगी ३६ वर्षांचा, मुलांना धर्मशिक्षण देणारा. शल्यविशारद थिओडोर बिलरोट. हा मोठा संगीतवेडा मनुष्य. ब्राम्स या संगीतकाराचा इतका जिवलग, की त्याच वर्षी ब्राम्सने आपल्या दोन रचना त्याला अर्पण केल्या होत्या. ज्याला सुराचे मोल ठाऊक, त्याच्याच हाती दैवाने ती सुरी द्यावी! आधी एकदा गाठ काढून झाली होती. ती पुन्हा वाढली. शस्त्रक्रिया चालू असताना रोग फार पसरलेला दिसला, तेव्हा बिलरोटने रोग्याला शुद्धीवर येऊ देऊन त्याची अनुमती घेतली, असे सांगतात. मला तो क्षण राहून राहून आठवतो.

घशात डोकावण्याची युक्तीही एका शिक्षकानेच दाखवली होती. मॅन्युएल गार्सिया हा गायनाचा मास्तर. १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने त्याने स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली.

बिलरोटचा साहाय्यक गुसेनबाउअर याने त्या रोग्यासाठी धातूच्या पट्टीचे कृत्रिम स्वरयंत्र बनवले; आपल्या पेटीत असते तशी कंप पावणारी पट्टी. त्यातून एकसुरी, पण रुग्णालयाच्या दालनभर ऐकू जाईल असा आवाज निघे. बिचारा पुढे काही महिन्यांतच रोग उलटून गेला. पण तेवढे दिवस तो बोलला.

बादशहांच्या कबरी पाहत वाढलेल्या आम्हांला एका सम्राटाची कथाही जवळची वाटावी. जर्मनीचा तिसरा फ्रेडरिक याला हाच रोग. जर्मन शल्यवैद्य घसा उघडा म्हणत होते, इंग्रज वैद्य मॅकेंझी नको म्हणत होता. शेवटी श्वासासाठी गळ्याला नुसते भोक पाडावे लागले. १८८८ साली तो गादीवर बसला तो मुकाच, आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर ९९ दिवस राज्य करून गेला.

त्या काळात या शस्त्रक्रियेतून वाचलेले पुष्कळ रोगी अन्न-लाळ श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसाच्या दाहाने दगावत. पुढे बर्लिनच्या ग्लुकने श्वासनलिका घशापासून साफ तोडून तिचे तोंड गळ्याच्या कातडीला शिवण्याची रीत बसवली. जीव वाचू लागला. पण मौज अशी, की जीव वाचवणाऱ्या त्याच टाक्यांनी आवाजाची वाटही बंद झाली. मग कोणी हवा गिळून ढेकरेच्या आधारे बोलायला शिकले, कोणी गळ्याला टेकवायचे विजेचे यंत्र घेतले. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची छोटी झडप अमेरिकेत सिंगर आणि ब्लोम यांनी पुढे आणली, तेव्हा १९८० साल उजाडले होते. आवाज काढणे एका दिवसाचे काम. परत देण्यास शंभरावर वर्षे लागली. बाहेरून येणाऱ्या झडपेची किंमत हजारांत, म्हणून बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी २०१५च्या सुमारास सुमारे ५० रुपयांची झडप तयार केली. या इतिहासात मला तर तेच पान मोठे वाटते.

गुरुजींनी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नातवासाठी मोबाइलमध्ये पावकी, निमकी, औटकी म्हणून ठेवली. परत आले ते पाटी-लेखणी घेऊन. श्वास आता नाकाने नव्हे, गळ्यातल्या छिद्राने; त्यावर जाळीचे फडके. चहावर फुंकर मारता येईना. काकू देवापुढे शंख पुढे करीत आणि जीभ चावून मागे घेत. पहिल्या दिवाळीला अभ्यंगाला बसले, तर गळ्यावरून पाणी घेणे बंद आणि उटण्याचा वासच येईना. ते पाटीवर लिहिणेही त्यांनी त्या दिवशी टाळले.

काही महिन्यांनी झडप बसली. आता गळ्यावर बोट दाबून बोलतात. आवाज घोगरा, थोडा जुन्या रेडिओसारखा. फोनवर अनोळखी माणूस राँग नंबर म्हणून ठेवून देतो, तेव्हा चिडतातही.

मोबाइलमधली औटकी मात्र नातू लावीत नाही. तो समोरच्या आजोबांकडूनच घेतो. दोन ओळींच्या मध्ये गुरुजींचे बोट श्वासासाठी गळ्यावरून उचलते, तेवढा वेळ तोही थांबतो.