फेरीबोटीचा हरवलेला पंखा

न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण बेटांच्या मध्ये कुकची सामुद्रधुनी आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी वेलिंग्टनहून पिक्टनकडे निघालेल्या 'आराटेरे' या फेरीबोटीचा उजवीकडचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, तेथे गळून पडला. ही बोट आपल्या खाडीतल्या तरीसारखी लहान नव्हती. माणसे, मोटारी, मालट्रक आणि शिवाय रेल्वेच्या वाघिणीही तिच्या पोटात मावत. तिला दोन पंखे होते. एक गेला तरी दुसऱ्याच्या जोरावर तिने पिक्टन गाठले. पंखा मात्र तळाशी गेला, आणि पुढे तो शोधून वर काढण्यात आला.

वाचकांना प्रश्न पडेल की एवढा खटाटोप कशासाठी? पंखा नवा ओतता येतो, आणि जुना वर आला म्हणून तो पुन्हा बसवता येईलच असेही नाही. वर काढलेल्या पंख्यांना धातूची किंमत येते, हे खरे. 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज १९१५ साली आयर्लंडजवळ पाणतीराने बुडाले. त्याच्या चार पंख्यांपैकी तीन १९८२ साली वर काढले गेले. एक लिव्हरपूलच्या संग्रहालयात गेला, एक अमेरिकेत डलासमधल्या एका हॉटेलात, आणि तिसरा वितळवून त्यापासून गोल्फच्या काठ्या केल्या! सुमारे बाराशे माणसांना जलसमाधी देणाऱ्या जहाजाच्या अवशेषाचा हा उपयोग आम्हाला फारसा रुचत नाही. पण ते असो. 'आराटेरे'च्या बाबतीत पंख्याची किंमत कांशात नव्हती. ती होती तो ज्या दांड्यावरून निखळला त्या दांड्याच्या तुटलेल्या तोंडात. पंखा सैल होऊन निसटला नव्हता. तो ज्यावर बसवलेला होता तो पोलादी दांडाच तुटला होता.

जहाजे आणि पंखे यांचे नाते पहिल्यापासून मोडतोडीचेच आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ साली मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी घेताना त्याच्या लाकडी मळसूत्राचा अर्धा भाग तुटला आणि बोट चक्क जास्त वेगाने पळू लागली! लांबलचक मळसूत्रापेक्षा आखूड बरे, हा धडा त्या अपघाताने दिला. पुढे ब्रुनेलने आपल्या 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी जहाजाला पंखा बसवला. १८४५ साली अमेरिकेहून परतताना त्याची पाती एकामागून एक गळाली आणि उरलेला प्रवास शिडांवर करावा लागला.

पाती मोडली तर कारण उघड असते: कशावर तरी आदळली किंवा ओतकाम वाईट होते. दांडा तुटण्याचे कोडे अधिक अवघड होते. महिनोन् महिने बिनतक्रार फिरणारा जाडजूड दांडा एखाद्या दिवशी, विशेष भार नसताना, तुटे कसा? हेच कोडे तेव्हा रेल्वेच्या आसांनीही घातले होते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणारी गाडी इंजिनाचा आस मोडून उलटली, आग लागली आणि पुष्कळ प्रवासी दगावले. त्या काळचे बरेच इंजिनिअर म्हणत की हादरे बसून बसून लोखंडाचे 'स्फटिक' बनतात आणि ते ठिसूळ होते. तुटलेले तोंड कणीदार दिसते, एवढाच त्यांचा पुरावा! रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने तुटलेले आस तपासून १८४३ साली दाखवले की भेग बाहेरून सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने फिरत्या आसाला भार टांगून वर्षानुवर्षे प्रयोग केले. एका दमात जेवढा भार धातू सहज पेलतो त्याहून पुष्कळ कमी भारही लाखो वेळा उलटसुलट दिला तर धातू तुटतो, हे त्यातून ठरले. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

जहाजाच्या दांड्याची स्थिती वोलरच्या आसासारखीच असते. टोकाला काही टन वजनाचा पंखा लटकतो, म्हणून दांडा किंचित वाकतो. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. दांडा अर्धा फेरा फिरला की वरची बाजू खाली येते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक बिंदू एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. समजा, दांडा मिनिटाला १२० फेरे घेतो. मग दिवसाचे १,७२,८०० फेरे झाले आणि सतत चालला तर सुमारे ५८ दिवसांत एक कोटी! (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.) त्यात खारे पाणी शिरले तर गंजामुळे भेग आणखी लवकर सुरू होते.

आता समुद्रतळाकडे वळू. तुटलेल्या दांड्याला दोन तोंडे असतात. एक जहाजाबरोबर बंदरात येते, दुसरे पंख्याबरोबर तळाशी जाते. पण दांड्याचे निमुळते टोक पंख्याच्या मधल्या तुंब्यात घट्ट बसवलेले असते. ते नीट बसले होते का, ताण सगळीकडे सारखा वाटला जात होता का, याच्या खुणा तुंब्याच्या आतच असतात. म्हणून एका तोंडावर भागत नाही. आणि वेळही फार नसतो. कांसे आणि पोलाद एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात पडले की विद्युत्‌घटच तयार होतो. त्यात पोलाद झिजते, कांसे शाबूत राहते. पंखा वर्षानुवर्षे चकचकीत राहील, पण नेमका पुरावाच गंजून जाईल.

असा शोध घेताना पंखा गळाला त्या क्षणी जहाज नेमके कोठे होते ते नोंदींवरून काढतात. मग ध्वनिलहरी तळावर सोडून प्रतिध्वनींचा नकाशा करतात, संशयास्पद उंचवट्यापाशी कॅमेरा लावलेले दूरनियंत्रित यंत्र सोडतात, आणि शेवटी दोर अडकवून वस्तू वर ओढतात. ध्वनीचा वेग आपण अकरावीत शिकवतो, तो येथे असा कामी येतो.

समुद्रतळावरच्या तुकड्यांनी थकव्याचा छडा लावल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण विमानाचे आहे. १० जानेवारी १९५४ रोजी 'कॉमेट' हे जेट विमान इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ब्रिटिश आरमाराने पाण्याखालचा टेलिव्हिजन कॅमेरा आणि मच्छीमारी जाळी वापरून त्याचे अवशेष गोळा केले. हौदातल्या चाचणीत दुसऱ्या एका कॉमेटची केबिन थकव्याने फाटली, आणि एल्बाच्या तुकड्यांवर तशाच खुणा सापडल्या. एप्रिलमध्ये स्ट्रॉम्बोलीजवळ पडलेले दुसरे कॉमेट मात्र इतक्या खोल पाण्यात होते की तेथून काही काढता आले नाही. एल्बाजवळचा समुद्रही तेवढाच खोल असता, तर?

'आराटेरे'ची चौकशी न्यूझीलंडच्या वाहतूक अपघात चौकशी आयोगाने केली. दोषी ठरवणे हे या आयोगाचे काम नाही. कारण शोधणे एवढेच आहे. निष्कर्ष थकव्याचाच निघाला. बोट नवा दांडा घालून २०१४ साली पुन्हा कामाला लागली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त झाली.

थकव्याच्या खुणा पाहण्यासाठी समुद्रात जायला नको. गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात तुटलेला एक्सल किंवा पेडलची क्रँक मागून पाहावी. तोंड रॉकेलने पुसून भिंगाखाली धरावे. एका कडेला गुळगुळीत भाग दिसेल. त्यावर बहुधा ओसरत्या भरतीने वाळूवर सोडाव्यात तशा कमानदार रेषा असतील. त्यांचे केंद्र जेथे असेल तेथून भेग सुरू झाली. उरलेला भाग खडबडीत, कणीदार असेल. तो शेवटच्या एका क्षणात तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत लहान असेल तर भार थोडाच होता आणि भेग फार दिवस वाढत होती असे समजावे. उलट असेल तर काय, ते विद्यार्थ्यांना विचारावे.