मेडोज टेलर यांचे आत्मचरित्र आणि पामर घराणे

हैदराबाद संस्थानाच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासासाठी कर्नल फिलिप मेडोज टेलर यांचे आत्मचरित्र हे महत्त्वाचे साधन होय. लेखकाच्या मृत्यूनंतर (१८७६) त्यांच्या कन्या ॲलिस यांनी ते संपादित केले व १८७७ साली ते प्रसिद्ध झाले. ‘तारा’ (१८६३) या तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरील कादंबरीमुळे टेलर यांचे नाव मराठवाड्यास परिचित आहे. परंतु आत्मचरित्राचा खरा अर्थ लेखकाच्या कौटुंबिक संबंधांचा विचार केल्यावाचून उलगडत नाही.

टेलर यांचा विवाह १८३२ साली मेरी पामर हिच्याशी झाला. तिचे वडील विल्यम पामर हे हैदराबादेतील पामर आणि कंपनी या पेढीचे संस्थापक. आजोबा जनरल पामर हे १७९८ ते १८०१ या काळात पुणे दरबारी रेसिडेंट होते, आणि आजी फैजबक्ष बेगम. टेलर या बेगमेस दिल्लीच्या राजघराण्यातील म्हणतात. उत्तरकालीन अभ्यासात मात्र ती एका इराणी घोडदळ अधिकाऱ्याची कन्या असल्याचे दिसते. तिची बहीण महादजी शिंद्यांचा सेनानी डी बॉईन याची पत्नी होती. घराण्याची प्रतिष्ठा वाढविणारी आठवण आणि कागदपत्रांतून मिळणारी वंशावळ यांतील हे अंतर चरित्राभ्यासकाने ध्यानी घ्यावयास हवे. विल्यम डालरिंपल यांच्या ‘व्हाइट मुघल्स’ (२००२) या ग्रंथाने अशा मिश्र कुटुंबांकडे पुन्हा लक्ष वेधले आहे.

तथापि प्रश्न केवळ वंशावळीचा नाही. पामर यांची पेढी १८१४ साली निघाली. दिवाणी कारभार चालविणारे चंदुलाल यांस ती शेकडा चोवीस-पंचवीस दराने कर्ज देई व मुलुखाचा वसूल तारण घेई. या कर्जाचा मोठा भाग इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या पगारास लागे. पेढीचे भागीदार रंबोल्ड यांची पत्नी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांची पालितकन्या असल्यामुळे पेढीस वरून आश्रय होता. रेसिडेंट मेटकाफ यांनी हा व्यवहार उघडकीस आणला व १८२४ साली पेढी बुडाली. फौजेचा खर्च मात्र संपला नाही. पुढे तिच्याच थकबाकीपायी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभारात गेला. आणि नळदुर्गच्या कारभारावर नेमणूक झाली ती पामर यांचेच जामात टेलर यांची!

सासऱ्याने ज्या फौजेसाठी कर्ज दिले, त्याच फौजेच्या खर्चासाठी तोडून घेतलेला मुलूख जावयाने चालविला. हा कट नव्हे. पामर यांची पेढी तोवर कधीच बुडालेली होती. परंतु एकाच आर्थिक व्यवस्थेची ही दोन टोके होत, हे मात्र निश्चित. टेलर यांनी नळदुर्ग भागात जमिनीची मोजणी केली, रस्त्यांकडे लक्ष दिले आणि रयतेविषयी आस्था दाखविली. ही आस्था खोटी ठरविण्याचे कारण नाही. पण जो वसूल ते न्याय्य करू पाहत होते, तो कोणत्या ओझ्याखाली होता, याचा उलगडा आत्मचरित्रातून नव्हे, तर पेढीच्या इतिहासातून होतो. १८६० साली धाराशिवचा मुलूख निजामास परत मिळाला आणि त्याच वर्षी टेलर मायदेशी परतले.

येथेच स्थानिक अभ्यासकाचे काम सुरू होते. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते. नांदेडचा मुलूख १८५३ नंतरही निजामाच्याच कारभारात राहिला. दोन्हीकडील वसुलाच्या दफ्तरांची तुलना केल्यास एका उदार अधिकाऱ्याच्या कारभाराने रयतेचे जिणे कितपत पालटले, हे पारखता येईल. त्यासाठी फारसी व मोडीचे ज्ञान आवश्यक आहे. निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी हैदराबादच्या मुलकी सेवेत राहूनही फारसी साधने मराठीत आणली. तो वारसा पुढे चालला, तरच इंग्रज अधिकाऱ्याच्या आत्मकथनात केवळ पार्श्वभूमी म्हणून वावरणारी रयत इतिहासाचा विषय होईल.