ताडीउद्योग, पालघर परिसरातील

ताडीउद्योग, पालघर परिसरातील : ताड, शिंदी इ. ताल कुलातील वृक्षांच्या गोड रसाचे किण्वन (आंबण्याची क्रिया) होऊन बनणाऱ्या सौम्य मादक पेयास ताडी म्हणतात. माडाच्या रसापासून मिळणारे पेय माडी होय. केळवे, माहीम, तारापूर, चिंचणी, डहाणू ही किनारपट्टी व तिच्या पूर्वेकडील वारली मुलूख येथे या झाडांची छेदणी पूर्वापार चालत आली आहे. किनाऱ्यावर हा प्रामुख्याने भंडारी समाजाचा व्यवसाय होता. हा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला.

रस मडक्यात पडताच हवेतील व मडक्यातील यीस्टमुळे त्यातील शर्करेचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होऊ लागते. 180 ग्रॅ. ग्लुकोजापासून सैद्धांतिक दृष्ट्या 92 ग्रॅ. अल्कोहॉल व 88 ग्रॅ. वायू मिळतो. सु. 5% अल्कोहॉल असलेली एक लिटर ताडी तयार होताना सु. 38 ग्रॅ. वायू उत्पन्न होतो. परंतु वातावरणीय दाबाखाली 30° से. तापमानाला लिटरभर पाण्यात तो जेमतेम सव्वा ग्रॅम विरघळतो. बाकीचा फेसावाटे निघून जातो. बिअर पिंपात भरताना द्रव थंड करून सिलिंडरातील वायू दाबाखाली तीत मुरवितात. ताडीत वायू आपोआप निर्माण होतो. तो कोंडला, तर बाटली फुटते. म्हणून मडक्याचे तोंड मोकळे ठेवावे लागते. शिवाय काही तासांतच ताडी आंबट होऊ लागते, त्यामुळे ती दूरवर पाठविणे किंवा साठविणे कठीण असते.

या गुणधर्माचा परिणाम करपद्धतीवरही झाला. पेय गुदामात ठेवता येत नसे, झाडे मात्र मोजता येत. म्हणून सरकारी आकारणी झाडावर होत असे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने छेदणी व विक्री परवान्याच्या कक्षेत आणली आणि गाळीव मद्याचे उत्पादन मोठ्या आसवन्यांत एकवटत गेले. उरण हे त्याचे प्रमुख केंद्र होते. 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. परिणामी घरच्या झाडाचा रस काढण्यासाठीही सरकारी परवानगी लागू लागली. ज्याची उपजीविका झाडावर चढण्यावर अवलंबून होती, त्याच्यावर कर व दंड यांचा भार पडला. सरकारच्या दृष्टीने मात्र तो महसुलाचा प्रश्न होता.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीवर बंदी आली. पर्याय म्हणून नीरा व तालगूळ यांना उत्तेजन देण्यात आले. मडक्यास आतून चुना लावल्यास किण्वन मंदावते व रस गोड राहतो. अल्कोहॉल व वायू दोन्हींची निर्मिती त्यामुळे रोखली जाते. मात्र नीरेसाठी पहाटेची छेदणी, स्वच्छ मडकी, शीतकरण व जवळची बाजारपेठ हवी. ही जोड सर्वत्र मिळाली नाही. पुढे ताडीला परवान्याने पुन्हा वाट मिळाली.

1969 साली तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले व बोईसर परिसरात औद्योगिक वसाहत वाढली. तरुणांना रोजगाराचे अन्य मार्ग खुले झाले. उंच झाडावर रोज चढण्याचे कौशल्य मात्र पुस्तकातून शिकता येत नाही. ते अंगवळणीच पडावे लागते. चढणारे हात कमी झाले, की झाडे उभी राहूनही उद्योग ओसरतो.