शंकरपट (भंडारा जिल्हा)

शंकरपट : पूर्व विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीचा पारंपरिक उत्सव. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची मळणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील गावोगावी पट भरतो. 1951 साली मालगुजारी संपुष्टात येईपर्यंत गावचा मालगुजार अथवा पाटील हाच बहुधा त्याचा आश्रयदाता असे. पुढे ती जबाबदारी ग्रामस्थांच्या मंडळांकडे आली.

जोडी हलक्या छकड्याला जुंपतात. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात, तर कुठे एकेकीचा वेळ घड्याळावर मोजून निकाल देतात. अंतर अल्प, निकाल काही सेकंदांचा. म्हणूनच दोन्ही बैलांची चाल एक राखून, कासऱ्याच्या किंचित ताणाने जोडी सरळ रेषेत ठेवणाऱ्या धुरकऱ्याचे कसब हे या क्रीडेचे खरे मर्म होय. तथापि जोडी मालकाच्या नावाने ओळखली जाते, बक्षीसही त्याच्याच नावे पुकारले जाते, आणि ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे छकड्यावर घालवली, त्या धुरकऱ्याची नोंद कोणत्याही दप्तरात सहसा आढळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. अमेरिकेत 1948 साली स्थापन झालेल्या ‘नॅस्कार’ या मोटार-शर्यतींच्या संस्थेच्या आरंभीच्या काही शर्यतींत नित्य वापराच्याच मोटारी धावत. परंतु तेथील चालकांची कारकीर्द शर्यतीगणिक लिहून ठेवली गेली, आणि निवृत्त वृद्ध चालकालाही आपला हिशेब छापील स्वरूपात पाहता आला.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने 2017 साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, तरी न्यायालयीन स्थगितीमुळे पट बंदच राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या 16 डिसेंबर 2021 च्या हुकमाने त्यांना सशर्त मुभा मिळाली, व 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असून काठी-चाबकाचा वापर निषिद्ध आहे. मुक्या जनावराच्या वेदनेचा विचार करता हे निर्बंध सर्वथा न्याय्य आहेत. बैलाला न मारता पळविणे हीच धुरकऱ्याच्या विद्येची कसोटी मानली पाहिजे.

पटाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, आणि रात्री उघड्या मंडपात झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज-वडसा येथील नाटक मंडळ्यांना पटाचे गाव म्हणजे हमखास प्रेक्षक. त्यामुळे बंदीच्या वर्षांची झळ बैलांच्या मालकांप्रमाणे नटांनाही सोसावी लागली.