पेटीला कंठ देणारे गोविंदराव

एकोणिसाव्या शतकातील युरोपात वाद्यवृंद ऐकावयाचा तर मोठे शहर गाठावे लागे. ध्वनिमुद्रण तेव्हा प्रचलित नव्हते. अशा काळी पियानो हाच घरोघरीचा वाद्यवृंद झाला आणि इतरांच्या रचना पियानोवर उतरविणाऱ्या कलावंतांची एक पिढी उदयास आली. त्यांपैकी फ्रान्झ लिस्ट सर्वश्रुत आहे. बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी त्याने दहा बोटांच्या आवाक्यात आणल्या. १८६५ साली त्या प्रसिद्ध झाल्या आणि त्याच वर्षी त्याने कनिष्ठ दीक्षाही स्वीकारल्या. त्याचा प्रतिस्पर्धी सिगिसमुंड थालबर्ग (१८१२-१८७१) मात्र विस्मृतीत गेला. १८३७ साली पॅरिसमध्ये दोघांची जुगलबंदी रंगली होती. थालबर्ग मुख्य स्वरावली दोन्ही अंगठ्यांत मधोमध धरी आणि भोवती स्वरांचे जाळे विणी. ऐकणाऱ्याला तिसरा हात असल्याचा भास होई. पियानोने गावे, हा त्याचा ध्यास होता. गायनकला पियानोवर कशी आणावी, हे दाखविणारी रूपांतरे त्याने १८५३ पासून प्रसिद्ध केली. मोझार्टच्या 'रेक्वियम'मधील 'लाक्रिमोसा' हे त्यांतलेच एक.

हाच ध्यास महाराष्ट्रात कोणी घेतला काय, असा विचार करता आमच्यापुढे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांचे नाव येते. थालबर्गपुढे पियानो होता, गोविंदरावांपुढे पेटी. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे एकस्व घेतले. पुढे मिशनऱ्यांबरोबर हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि भाता हाताने हलविण्याची सोय होताच ते बैठकीत बसून वाजविण्याजोगे झाले. उपासनामंदिर, कीर्तन, तमाशा आणि संगीत रंगभूमी, सर्वत्र त्याने बस्तान बसविले.

तथापि एक अडचण होती. आपले गायन मींडेवर जगते. एका स्वरातून दुसऱ्यात गळा घसरत जातो आणि त्या वाटेतच रागाचा भाव प्रकटतो. पेटीच्या पट्ट्यांमध्ये अशी वाट नाही. सप्तकात बारा स्वर, तेही बनविणाऱ्याने एकदाच बांधून दिलेले. वाजविणाऱ्याला हे बदलता येत नाही. कणस्वराचा हलका स्पर्श, बोटांची सलगता, भात्यावरील ताबा आणि योग्य जागी घेतलेला विसावा एवढीच सामग्री त्याच्या हाती असते. गोविंदराव पेटी बहुतांशी स्वप्रयत्नाने शिकले. भास्करबुवा बखले यांचा सहवास आणि अल्लादियाखाँ यांच्या गायकीचा संस्कार त्यांना लाभला. गळ्याचे काम बोटांत आणणारा वादक म्हणून त्यांची कीर्ती झाली.

रूपांतराची हीच दृष्टी त्यांच्या रचनेतही दिसते. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले, त्याचे संगीत गोविंदरावांचे. पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचे रंग त्यांनी मराठी पदांत उतरविले. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली.

त्यांच्या हयातीतच पेटीवर संकट कोसळले. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. बांधलेल्या स्वरांमुळे श्रुतींची हानी होते, हा मुख्य आक्षेप. बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडले. आक्षेप निराधार होता, असे आम्ही म्हणणार नाही. पेटीच्या साथीने गाणाऱ्याचा गळा त्या बारा स्वरांना चिकटण्याचा धोका खराच असतो. पण गावोगावच्या गोरगरिबांना सूर कोणी दिला, हा प्रश्न त्या वादात मागे पडला. व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा गौरव आहे, तसाच उचित अशा इतर वाद्यांना प्रवेशही आहे. मोठ्या ऑर्गनची ऐपत नसलेल्या आमच्या खेड्यांतील मंदिरांत ती जागा पेटीने भरून काढली.

दुसऱ्याची रचना आपल्या वाद्यावर उतरविणे ही दुय्यम कला होय, असा समज थालबर्गच्या वाट्याला आला, तसा पेटीवाल्यांच्याही आला. आमच्या मते तो अन्यायाचा आहे. अनुवादकाला मूळ ग्रंथाइतकेच स्वतःच्या भाषेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा जाणावी लागते; रूपांतरकाराचेही तसेच. जे वाद्याला साधत नाही ते सोडून भाव कसा राखावा, हा विवेक केवळ बोटांच्या चपळाईने येत नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, दुधनीसारख्या सीमेवरच्या गावात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांचा सूर कानी पडतो. अशा ठिकाणी पेटी धरणाऱ्याला दोन्हींची लय सांभाळावी लागते. उत्सव संपला की गायकाचे कौतुक होते, पेटीवाला मात्र मुकाट्याने भाता मिटून पेटी उचलतो. गोविंदरावांचे चरित्र आमच्या तरुण वादकांनी अवश्य अभ्यासावे आणि त्या पेटीवाल्याचे नावही मंडळींनी कार्यक्रमपत्रिकेत छापावे, एवढीच आमची विनंती आहे.