आकाशातला झेल

संक्रांतीच्या दिवसांत पतंग कापला गेला की पोरे बांबूला काटेरी फांदी बांधून त्याच्यामागे धावतात. विसाव्या शतकातील एका अत्यंत गुप्त लष्करी मोहिमेचे यश अशाच कसबावर अवलंबून होते, असे म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु इतिहास तसाच घडला आहे.

१ मे १९६० रोजी सोव्हिएट रशियाने अमेरिकेचे यू-टू हे हेरविमान पाडले. वैमानिक जिवंत सापडला आणि रशियावरून विमाने धाडण्याचा मार्ग बंद झाला. आता सारी भिस्त 'कोरोना' या उपग्रहावर राहिली. जगाला मात्र त्याचे नाव 'डिस्कव्हरर' आणि काम शास्त्रीय प्रयोगाचे, असे सांगण्यात आले होते. सी.आय.ए. हे हेरखाते आणि हवाई दल यांनी मिळून हा संसार थाटला होता. उपग्रहाने काढलेली फिल्म एका कुपीत घालून पृथ्वीकडे सोडायची, वाटेत पॅराशूट उघडायचे, आणि कुपी समुद्रात पडण्यापूर्वी विमानाने ती अधांतरी झेलायची, अशी योजना होती!

हे काम हवाई दलाच्या अंगवळणी पडलेले होते. १९५६ साली त्याने रशियावर कॅमेरे बांधलेले फुगे सोडले होते, आणि त्यांची ओझी सी-११९ या बोजड मालवाहू विमानांनी आकड्यांत अडकवून ओढून घेतली होती. तीच विमाने व तीच विद्या आता उपग्रहाच्या सेवेस लागली. पहिले बारा प्रयत्न या ना त्या कारणाने फसले. तेराव्या खेपेस कुपी परत आली, पण ती समुद्रातून उचलावी लागली आणि तिच्यात फिल्म नव्हती. तरी वैमानिकांचा सराव थांबला नाही. फसलेल्या उड्डाणाचा हिशेब मांडायचा आणि पुन्हा उडायचे, ही त्या दलाची रीत!

१९ ऑगस्ट १९६० रोजी हवाई बेटांजवळ कॅप्टन हॅरल्ड मिचेल यांनी चौदाव्या डिस्कव्हररच्या कुपीवर विमान घातले. दोन वेळा नेम चुकला. तिसऱ्या वेळी, सुमारे साडेआठ हजार फूट उंचीवर, आकड्यात पॅराशूट अडकले. त्या एका कुपीत सुमारे २० पौंड फिल्म होती, आणि यू-टूच्या सर्व उड्डाणांनी मिळून रशियाचा जेवढा मुलूख टिपला होता त्याहून अधिक मुलूख तिच्यावर उमटला होता. मिचेल यांना पदक मिळाले, फोटो छापून आले. फिल्म मात्र पडद्याआडच राहिली.

येथवर हवाई दलाच्या संस्कारांचे कौतुकच करावे लागेल. पण प्रत्येक संस्काराला दुसरी बाजू असते. ज्याचा व्यवसाय शत्रूच्या आकाशात शिरण्याचा, त्याला शत्रू नेहमी थोरच दिसतो. रशियाजवळ क्षेपणास्त्रे किती, या प्रश्नावर हवाई दलाचे आकडे सर्वांत फुगलेले असत. कोरोनाच्या फिल्मने तो फुगा फोडला. सप्टेंबर १९६१ च्या सरकारी अंदाजात रशियाच्या दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या तळांवरील मांडण्या अवघ्या १० ते २५ धरण्यात आल्या. हवाई दलाने स्वतःच्या हातांनी झेललेल्या पुराव्याने हवाई दलाचीच भीती खोटी पाडली!

हे घडू शकले, कारण झेलणारा आणि वाचणारा एकच नव्हता. जानेवारी १९६१ मध्ये छायाचित्रे वाचण्यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. ते सी.आय.ए.च्या छत्राखाली होते, आणि तेथे सैन्यदलांची माणसेही शेजारी बसून तीच छायाचित्रे पाहत. त्याच वर्षी उपग्रहांसाठी हवाई दल व सी.आय.ए. यांचे संयुक्त कार्यालय निघाले. दोघांत पुढे भांडणे पुष्कळ झाली. पण त्या भांडणांमुळेच कोणा एकाचे भय देशाचे धोरण होऊन बसले नाही.

कोरोनाची उड्डाणे १९७२ मध्ये थांबली आणि १९९५ मध्ये तिची आठ लाखांवर छायाचित्रे जगापुढे खुली झाली. झेल घ्यायला सरावलेला हात हवा, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु हाती आलेले वाचायला त्या हाताच्या मालकापेक्षा वेगळे डोळेही हवेत, हा धडा त्याहून मोलाचा आहे.